घडीची सायकल : निवड आणि निगा

शहाड हें मध्य रेल्वेवरील कल्याणच्या पलीकडचें, कसाऱ्याच्या वाटेवरील पहिलें स्थानक. आसपास उल्हासनगरची दाट वस्ती, मोहन्याकडे जाणारा रस्ता, सेंचुरी रेयॉनचा कारखाना, बिर्लांचें विठ्ठलमंदिर आणि जवळून वाहणारी उल्हास नदी. येथील नोकरदाराच्या दिवसाचा हिशेब मांडला तर असें दिसतें कीं, गाडींतल्या लांब प्रवासाइतकेच घर ते स्थानक आणि स्थानक ते कचेरी हे दोन लहान तुकडे त्यास जाचतात. अंतर एक-दोन किलोमीटरचें. पायीं जावें तर गाडी चुकते; रिक्षाच्या रांगेंत उभें राहावें तरी तीच गत; घरची दुचाकी स्थानकापाशीं दिवसभर ठेवावी, तर मुंबईच्या टोकास तिचा कांहीं उपयोग नाहीं. दोन्ही टोकांस पुरेल असें एकच वाहन हातीं असावें, ही इच्छा घडीची सायकल पुरी करील असें पुष्कळांस वाटतें. ती कोणत्या अटींवर पुरी होते, हें पैसे मोजण्यापूर्वीं पाहून घेतलेलें बरें.

सायकल दुमडण्याची कल्पना मुळीं आजची नव्हे. १८९० नंतरच्या दशकांत फ्रेंच सैन्यांतील कॅप्टन जेरार यानें शिपायास पाठीवर टाकून नेतां येईल अशी घडीची सायकल प्रचारांत आणली. दुसऱ्या महायुद्धांत बी. एस. ए. कंपनीनें ब्रिटिश छत्रीधारी सैनिकांसाठीं तशीच सायकल बनविली. या दोहोंचीं चाकें नेहमींच्या सायकलीएवढीं मोठीं होतीं, कारण शिपायास ती रानांतून न्यावयाची होती, खचाखच भरलेल्या डब्यांतून नव्हे. आगगाडीच्या उतारूचा विचार करणारी सायकल पुढें आली. लंडनच्या अँड्र्यू रिची यानें १९७५ च्या सुमारास ‘ब्रॉम्प्टन’चा पहिला नमुना आपल्या राहत्या जागेंत तयार केला, आणि लेसर किरणांवर संशोधन करणाऱ्या डेव्हिड हॉन यानें १९८२ मध्यें अमेरिकेंत ‘डाहॉन’ ही कंपनी काढली. लहान चाकांची, मध्यें बिजागरी असलेली जी सायकल आज दुकानांतून दिसते ती बहुतेक याच दोघांच्या कल्पनांची वंशज आहे.

दुकानदार सायकल उघडून दाखवितो. घेणारानें ती मिटून पाहावी. स्वतःच्या हातानें, घड्याळ लावून, दोनतीन वेळां मिटावी आणि उघडावी. मिटल्यावर ती आपोआप सुटते कीं जागच्या जागीं अडकून राहते. चेनची बाजू आंत जाते कीं बाहेर राहून शेजाऱ्याच्या पाटलोणीस काळें फांसते. मिटलेल्या स्थितींत सीटचा दांडा धरून ती ढकलतां येते कीं प्रत्येक पावलास उचलावी लागते, या तीन प्रश्नांचीं उत्तरें कोणत्याही छापील माहितीपत्रकापेक्षां अधिक मोलाचीं आहेत. मग ती उचलून दुकानाचा जिना एकदां चढून उतरावा. रेल्वेच्या पुलाच्या पायऱ्या रोज दोन टोकांस मिळून चार वेळां चढावयाच्या, तेव्हां अकरा किलो आणि पंधरा किलो यांतला फरक कागदावर वाटतो तेवढा लहान राहत नाहीं. सोळा इंची चाकांच्या ब्रॉम्प्टनची घडी सुमारें ६५ सेंटिमीटर लांब, ५९ उंच आणि २७ जाड होते. वीस इंची चाकांच्या सर्वसाधारण सायकलीची घडी ८० सेंटिमीटरच्या आसपास लांब आणि पस्तीसेक जाड असते. पहिलीची किंमत मात्र लाखाच्या पुढें जाते. मोठ्या चाकांच्याही घडीच्या सायकली निघाल्या आहेत. मोटारीच्या मागल्या कप्प्यासाठीं त्या उत्तम, लोकलसाठीं निरुपयोगी.

आतां लोकलविषयीं. शहाडास थांबणाऱ्या गाड्या टिटवाळा, आसनगांव किंवा कसारा येथून येतात, आणि सकाळच्या वेळीं मुंबईकडे जाणाऱ्या गाड्या शहाडास येण्यापूर्वींच भरलेल्या असतात. अशा गाडींत घडी घेऊन चढणें हा स्वतःच्या आणि दुसऱ्याच्या जिवाशीं खेळ आहे. ९ जून २०२५ रोजीं मुंब्र्याच्या वळणावर दोन गाड्यांच्या दारांत लोंबकळणारे प्रवासी एकमेकांस घासून रुळांवर पडले व त्यांतील कित्येकांचे प्राण गेले. जेथें माणसाच्या पाठीवरची पिशवीही धोक्याची ठरते, तेथें बारा किलोच्या लोखंडाची काय कथा! सकाळीं आठ-नऊच्या सुमारास मुंबईस जाणारानें ही सायकल डब्यांत नेण्यासाठीं घेऊंच नये, असें स्पष्ट म्हणणें प्राप्त आहे.

तरीही तिचा उपयोग संपत नाहीं. शहाडहून कल्याण अवघें एक स्थानक. सायकलीनें कल्याण गांठून तेथून सुटणाऱ्या गाडींत, ती फलाटावर रिकामी लागतांच, कोपऱ्यांत जागा धरतां येते. ज्यांची पाळी पहाटे किंवा दुपारीं सुरू होते, किंवा ज्यांची कचेरी गर्दीच्या उलट दिशेस आहे, त्यांस अडचण फारशी येत नाहीं. कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथ येथेंच ज्यांचें काम आहे त्यांनीं तर गाडीचा विचारच सोडावा. त्यांना घडीचा लाभ एवढाच कीं चाळींतल्या किंवा सदनिकेंतल्या अपुऱ्या जागेंत सायकल दाराआड मावते आणि चोरीस जात नाहीं. हा लाभही लहान नव्हे.

नियमांचीही एक बाजू आहे. रेल्वेच्या सामानाच्या नियमांत मोफत वजनाची जी सवलत आहे ती सायकल, स्कूटर यांसारख्या वस्तूंस लागू नाहीं. आणि लांब पल्ल्याच्या गाड्यांच्या डब्यांत न्यावयाच्या ट्रंकेचें माप १०० × ६० × २५ सेंटिमीटर ठरविलेलें आहे. घडी घातलेली सायकल ट्रंक मानावी कीं सायकल, हा प्रश्न त्या वेळच्या तपासनिसाच्या मर्जीवर राहूं नये म्हणून आधीं तिकीटघरांत विचारून लागेल तो सामानाचा आकार भरावा आणि सायकल कापडी पिशवींत घालून न्यावी. मुंबईच्या मेट्रोनें २ अ आणि ७ या मार्गांवर २०२२ पासून सायकल आंत नेऊं दिली, त्या मानानें लोकलचा उतारू अजून मागें आहे.

लहान चाकाविषयीं एक गैरसमज सर्वत्र आढळतो. चाक लहान म्हणजे पाय दुप्पट मारावे लागणार, असें लोक धरून चालतात. वास्तविक हें चाकावर नव्हे तर दात्यांच्या प्रमाणावर अवलंबून आहे. जुन्या काळ्या अठ्ठावीस इंची सायकलीस पुढें ४४ आणि मागें १८ दाते धरले, तर पॅडलच्या एका फेऱ्यांत ती सुमारें ५.५ मीटर पुढें जाते. वीस इंची सायकलीस पुढें ५२ आणि मागें १४ दाते असतील तर ती सुमारें ५.६ मीटर जाते. लहान चाकाची खरी उणीव निराळीच आहे : तें खड्ड्यांत अधिक खोल उतरतें आणि रस्त्याच्या भेगेंत लवकर अडकतें. शहाडच्या पुलावरील वाहतुकींत, काँक्रीटच्या सांध्यांवर आणि निखळलेल्या फरशांवर ही उणीव रोज जाणवते. यास्तव टायर दीड इंचाहून अरुंद नसावा.

टायरच्या मापाची गोष्ट पुष्कळ घेणारांच्या ध्यानांत राहत नाहीं आणि पहिल्या पंक्चरच्या दिवशीं ध्यानांत येते. ‘वीस इंची’ या एकाच नांवाखालीं दोन भिन्न मापें विकलीं जातात. टायरच्या कडेवर एकावर ४०६ आणि दुसऱ्यावर ४५१ असा आंकडा असतो. सोळा इंचीमध्येंही ३०५ आणि ३४९ असे दोन भेद आहेत. ४०६ आणि ३०५ हीं मापें मुलांच्या सायकलींचीं असल्यानें त्यांचे टायर-ट्यूब उल्हासनगरांतल्या किंवा कल्याणांतल्या साध्या दुकानांतही मिळूं शकतात. दुसरीं दोन मापें बहुधा मागवावींच लागतात.

निगेचा मुख्य भाग बिजागरी हा होय. साध्या सायकलीचा सांगाडा एकसंध असतो; हिचा मधोमध कापलेला असून स्वाराचा सारा भार एका खिळीवर आणि एका कळीवर तोलला जातो. कळ मिटतांना तळहातानें जोर लावावा लागला पाहिजे. बोटानें मिटूं लागली तर तिची चाकी आवळून घ्यावी. आठवड्यांतून एकदां पुढचा ब्रेक घट्ट दाबून सायकल मागें-पुढें हलवावी आणि दुसऱ्या हाताचें बोट सांध्यावर ठेवावें. बोटास किंचित् जरी हालचाल जाणवली तरी दुरुस्ती होईपर्यंत तीवर बसूं नये. हँडलच्या दांड्याच्या सांध्यासही हीच परीक्षा लावावी, कारण तो सांधा सुटला तर स्वार तोंडावर पडतो. खिळीस तेलाचा थेंब द्यावा, पण जेथें दोन पृष्ठभाग एकमेकांस घट्ट दाबून धरतात तेथें, आणि सीटच्या दांड्यास, तेल लावूं नये. दांडा हळूहळू खालीं सरकूं लागतो. दांड्यावर किमान खोलीची रेघ असते, ती नळीच्या आंत राहिली पाहिजे. बिजागरीजवळच्या जोडावर केसाएवढी चीर दिसली, आणि सांगाडा ॲल्युमिनियमचा असला, तर रस्त्यावरच्या वेल्डिंगनें ती सांधण्याचा मोह टाळावा. ती सायकल संपली असें समजावें. ब्रेकच्या आणि गिअरच्या तारा घडीपाशीं रोज वांकतात, म्हणून त्या तेथेंच आंतल्या आंत तुटूं लागतात. वर्षांतून एकदां त्या बदलणें महाग पडत नाहीं.

पावसाळ्यांत या भागांत निगेस दुप्पट लक्ष द्यावें लागतें. वीस इंची चाकाचा आंस जमिनीपासून जेमतेम पंचवीस सेंटिमीटर उंच असतो. गुडघाभर पाणी साचलेल्या रस्त्यांतून सायकल काढली कीं चाकांचे आणि पॅडलचे छरे पाण्याखालीं जातात, त्यांतलें ग्रीस धुपतें, आणि महिन्याभरानें चाक खडखडूं लागतें. अशा दिवशीं ती उचलून न्यावी. घडीची सायकल आणि कशासाठीं घेतली? नाइलाजानें पाण्यांतून काढलीच, तर छरे उघडून नवें ग्रीस भरून घ्यावें. घरीं आल्यावर सीटचा दांडा उपसून सायकल उलटी धरावी म्हणजे नळींत शिरलेलें पाणी निथळतें. चेन कोरड्या फडक्यानें पुसून मगच तेल द्यावें. चिखलावर दिलेलें तेल पॉलिसच्या कागदासारखें काम करतें. ओली सायकल पिशवींत बांधून ठेवण्याची चूक फार जण करतात. पिशवी धूळ अडविते तशी वाफही अडविते, आणि गंज रात्रींत उठतो. लहान टायरांत हवा थोडी मावत असल्यानें ती लवकर उतरते. दर आठवड्यास कडेवर छापलेल्या दाबाइतकी भरावी. लहान चाक त्याच अंतरांत अधिक फेरे घेतें, म्हणून त्याचे टायरही अधिक झिजतात.

रविवारच्या सहलीस मात्र ही सायकल कामास येते. शहाडहून टिटवाळ्यास गणपतीच्या दर्शनास सायकलीनें जावें आणि ऊन चढल्यावर रिकाम्या गाडीनें परत यावें. कसाऱ्यापर्यंत गाडीनें जाऊन तेथून पुढें सायकल हांकणारे आहेत. पण घाटाचा विचार असेल तर गिअर नसलेल्या सायकलीवर तो करूं नये, आणि उतारावर लहान रिमा तापतात म्हणून मधून मधून थांबावें. एस. टी.च्या गाडींत नेण्यापूर्वीं वाहकास विचारावें. टपावर टाकल्यास बिजागरी खालच्या बाजूस येणार नाहीं असें पाहावें.

बिजागरीची खिळी, कळीची चाकी आणि स्प्रिंग हे जिन्नस त्या त्या कंपनीचेच लागतात. नेहमींचा सायकलवाला पंक्चर काढील, चाक सरळ करील, पण हे तीन भाग त्याच्यापाशीं नसतात. म्हणून सायकल घेतली त्याच दिवशीं त्यांचा एक जोड त्याच दुकानांतून विकत घेऊन घरीं ठेवावा. आणि जो दुकानदार तो देऊं शकत नाहीं, त्याच्याकडून सायकलही घेऊं नये.