टॉमस मन्रो : स्थलांतरिताचे कुटुंब

चिकोडी-निपाणी परिसराचे नाव तंबाखूशी निगडित आहे. या भागाच्या इतिहासात आलेले स्कॉटिश सैनिक टॉमस मन्रो यांचे देशांतरही तंबाखूच्या व्यापाराशी जोडलेले होते. त्यांचा जन्म 1761 साली ग्लासगो येथे झाला. वडील व्हर्जिनियाशी व्यापार करीत. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात तो व्यापार बुडाला आणि 1780 मध्ये मुलगा कंपनीच्या पायदळात भरती होऊन मद्रासला आला. 1818 मध्ये त्यांनी बेळगावचा किल्ला घेतला. 1820 मध्ये ते मद्रासचे गव्हर्नर झाले.

इतिहास एवढेच सांगून थांबतो. कुटुंबाची कथा निराळी आहे. 1814 मध्ये त्यांचा जेन कॅम्पबेल यांच्याशी विवाह झाला. धाकटा मुलगा आजारी पडल्याने 1826 मध्ये पत्नी त्याला घेऊन मायदेशी परतल्या. नवा गव्हर्नर येईपर्यंत मन्रो मात्र थांबले. 6 जुलै 1827 रोजी पत्तिकोंडा येथे पटकीने त्यांना मृत्यू आला. पुन्हा भेट झालीच नाही.

स्थलांतर हा एकट्याचा प्रवास नसतो. त्यात सारे कुटुंब विभागले जाते. आपल्या मंडळीतूनही माणसे सैन्यात व परमुलखी जातात. त्यांच्यासाठी प्रार्थना करणाऱ्या पाळकाने व उपदेशकाने मागे राहिलेल्यांच्या उंबरठ्यावरही जावयास हवे.