साखरेचा माग काढणारा जड कार्बन

नांदेड जिल्ह्यातील अर्धापूर केळीसाठी प्रसिद्ध आहे. आपण केळे खातो, त्यातील ग्लुकोज ही साखर रक्तात उतरते आणि पेशीपेशीला पोचते. पण पुढे काय होते? कर्करोगाची गाठ या साखरेचे नेमके काय करते?

पाटाचे पाणी कोणत्या वाफ्यात जाते हे पाहायचे, तर त्यात थोडी हळद कालवावी. जेथे पिवळे पाणी दिसेल, तेथे ते पोचले! साखरेलाही अशी खूण करता येते. ती खूण म्हणजे कार्बन-१३.

बहुतेक कार्बन अणूंचा भार १२ असतो. निसर्गात दर १०० अणूंत सुमारे एक अणू १३ भाराचा असतो. तो केळ्यातही असतो. तो किरणोत्सर्ग करीत नाही, म्हणून त्याला स्थिर समस्थानिक म्हणतात. पेशी त्याला नेहमीच्या कार्बनसारखेच वापरते.

ग्लुकोजच्या रेणूत कार्बनचे ६ अणू असतात. त्याचा रेणुभार १८०. सहाही अणू जड असले, तर तो होतो १८६. पेशीत या रेणूचे दोन तुकडे पडतात. प्रत्येकात ३ जड अणू. तुकड्याचे लॅक्टिक आम्ल झाले, तर त्याचा भार ९० ऐवजी ९३ भरतो. पण तुकडा पेशीच्या भट्टीत, म्हणजे तंतुकणिकेत शिरला, तर एक कार्बन वायुरूपाने निघून जातो आणि उरलेले २ सायट्रिक आम्लात जातात. त्याचा भार १९२ ऐवजी १९४ होतो. रेणूंचे भार मोजणारे यंत्र हा फरक अचूक टिपते. भार कळला की वाट कळली!

ऑक्सिजन भरपूर असूनही कर्कपेशी साखरेचे लॅक्टिक आम्ल करतात, असे जर्मन शास्त्रज्ञ ओटो वारबुर्ग यांना १९२०च्या दशकात आढळले. या पेशींची भट्टीच बिघडली असावी, असे त्यांना वाटले. पुढे अमेरिकेत डॅलस येथील शास्त्रज्ञांनी फुप्फुसाच्या कर्करोगाच्या रुग्णांना शस्त्रक्रियेच्या वेळी जड ग्लुकोज शिरेतून दिले आणि काढलेल्या गाठी तपासल्या. २०१६ साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केला: भट्टी चालूच होती! काही गाठी रक्तातील लॅक्टिक आम्लही इंधन म्हणून वापरतात, हे २०१७ साली दिसून आले.

म्हणूनच ‘साखर बंद केली की गाठ उपाशी मरते’ ही समजूत फसवी आहे. गाठीला इतर इंधनेही चालतात. शिवाय आपण न खाल्ले, तरी यकृत साखर तयार करून रक्तात सोडतेच. उपाशी राहतो तो रुग्ण. त्याची शक्ती घटली, तर उपचार सोसणे कठीण होते. त्याचा आहार डॉक्टरांना विचारूनच ठरवावा.

गाठ कोणत्या वाटेने जगते हे कळले, तरच ती वाट अडवणारे औषध शोधता येईल. त्या शोधात जड कार्बन हा वाटाड्या आहे.