अद्भुत कादंबरी आणि न वाचलेली चवड

कादंबरीवेड्या मंडळींची बैठक जमली की दोन विषय हटकून निघतात. एक, नुकतेच वाचून संपविलेले पुस्तक. आणि दुसरा, हौसेने घरी आणलेली परंतु अद्याप न उघडलेली पुस्तके. आदिलाबादच्या मराठी वाचकांत या दोन्ही विषयांना निराळाच रंग चढतो. तो कशाने, ते पाहू.

आधी चवडीचे सांगतो. 1956 साली राज्यपुनर्रचना झाली तेव्हा या जिल्ह्यातील किनवट व राजुरा हे तालुके मुंबई राज्यात गेले. उरलेला भाग आंध्र प्रदेशात राहिला आणि 2014 पासून तो तेलंगणात आहे. सीमा बदलली, घरातली मराठी तशीच राहिली. मात्र मनाजोगे मराठी पुस्तक चाळून घ्यावयाचे तर यवतमाळ, नांदेड किंवा नागपूर गाठणे आले. टपालाने हल्ली पुस्तके घरपोच येतात हे खरे. पण चार पाने वाचून निवड करण्याचे सुख त्यात कोठून असणार? तेव्हा लग्नकार्यासाठी पैनगंगा ओलांडलेला मनुष्य वर्षाची बेगमी करावी तशी आठ-दहा पुस्तके एकदम बांधून आणतो. घरची माणसे या चवडीकडे आळसाचा पुरावा म्हणून बोट दाखवितात. मला ती धान्याच्या कणगीसारखी वाटते. कणगीतले सगळे धान्य आजच शिजविले पाहिजे असे कोणी म्हणत नाही.

चवड वाढण्याचे दुसरे कारण खुद्द या कादंबऱ्यांच्या जातीत आहे. शहरातील अद्भुत कादंबरी बहुधा मालिकेने येते. पहिला भाग हाती लागतो, तिसरा स्वस्तात मिळतो आणि दुसरा कोठेच नसतो. मग तिसरा वाट पाहत पडून राहतो.

ही जात आहे तरी कशी? अद्भुत आपणांस नवे नाही. नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' 1868 ची. त्या काळच्या कथांतील राजपुत्र, राजकन्या आणि नवलाच्या घटना वाचकाच्या गल्लीपासून फार दूर, कल्पनेतल्या नगरांत राहत. नव्या जातीच्या कादंबरीत हे अंतर मोडले जाते. नवल घडते ते वीजबिल भरणाऱ्या, बसची वाट पाहणाऱ्या माणसाच्या घरात. मराठीत नारायण धारप (1925–2008) यांनी हा मार्ग फार पूर्वी धरला. त्यांच्या कथांत अमानुष शक्ती शिरते ती नेहमीच्या मध्यमवर्गीय घरात. इंग्रजीत बेन आरोनोविच यांची 'रिव्हर्स ऑफ लंडन' ही 2011 ची कादंबरी पाहा. तिचा निवेदक लंडनच्या पोलीस दलातील शिपाई आहे. थेम्स आणि तिला मिळणाऱ्या लहान नद्या तेथे माणसांच्या रूपाने वावरतात, भांडतात, आणि त्यांचा तंटा मिटविण्याचे काम या शिपायाच्या गळ्यात पडते.

आता मौज पाहा. लंडनच्या वाचकाला नदी माणसासारखी बोलते याचेच नवल वाटत असावे. आदिलाबादच्या वाचकाला त्यात विशेष काही दिसत नाही. इंद्रवेल्ली मंडलातील केसलापूर येथे पौष अमावास्येला नागोबाची जत्रा भरते. तिच्यासाठी मेस्राम कुळातील गोंड पायी गोदावरीवर जातात आणि तिचे पाणी आणून देवाला स्नान घालतात. नदी ही कोणीतरी आहे, तिच्याकडे जाऊन मागावे लागते, हे ज्याने लहानपणापासून पाहिले त्याला थेम्सबाई अनोळखी कशी वाटावी? त्याला हसू येते ते पोलिसांकडे अशा तक्रारींसाठी स्वतंत्र शाखा आहे याचे. म्हणजे एकाच पुस्तकात दोघांचे नवल दोन ठिकाणी आहे. बैठकीत अभिप्राय ऐकावयाचे ते याचसाठी. 'छान आहे', 'कंटाळवाणे आहे' एवढ्यावर थांबणारे अभिप्राय मला तरी निरुपयोगी वाटतात.

अशी देवघेव येथे दोन भाषांतही चालू शकते. 'चंदामामा' मासिक जुलै 1947 मध्ये तेलुगूत निघाले आणि 1952 पासून मराठीत 'चांदोबा' म्हणून येऊ लागले. मांत्रिकांच्या आणि राक्षसांच्या त्याच गोष्टी, तीच चित्रे. शेजारची दोन मुले दोन भाषांत एकच कथा वाचून तिच्यावर वाद घालू शकत. ते मासिक आता बंद झाले आहे. 2018 च्या कायद्याने तेलंगणातील शाळांत तेलुगू सक्तीची आहे, आणि ते रास्तच आहे. परंतु अनेक मराठी घरांत नातवंडे तेलुगू आणि इंग्रजी सराईतपणे वाचतात व मराठीशी अडखळतात. आजोबांच्या चवडीला वाचक कोठून मिळावा, हा प्रश्न खरा आहे. अशा घरी चांदोबाचीच युक्ती करून पाहता येईल. 'हॅरी पॉटर'चा पहिला भाग मराठीत 'हॅरी पॉटर आणि परीस' या नावाने आहे. नातीने तो इंग्रजीत वाचावा, आजीने मराठीत, आणि लंडनच्या रेल्वे स्थानकावरील पावणेदहाव्या फलाटाविषयी दोघींनी जेवताना भांडावे.

राहता राहिला तो मधला भाग न मिळाल्याचा प्रश्न. धारपांच्या समर्थकथा कोठूनही उचलाव्यात, फारसे अडत नाही. लंडनच्या नद्यांचे तसे नाही. तेथे पहिला भाग मिळेपर्यंत पुढचे भाग चवडीतच राहू द्यावेत.