लाल वेगळं, तिखट वेगळं

दसरा उलटला की नंदुरबारच्या आसपास मिरचीच्या पथाऱ्या पडतात. ओली मिरची उन्हात वाळत असते आणि बायका बसून देठ खुडतात. हातांची आग पाण्याने जात नाही. तेल चोळलं की थोडा आराम पडतो. मिरचीला तिखटपणा देणारं कॅप्सेसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळतं.

रसायनशास्त्राच्या बीएस्सीला एवढं कळलं तरी भागतं. एमएस्सीत पुढची फर्माईश येते: आहे म्हणता ना, मग दाखवा.

चिमूटभर पूड अ‍ॅसिटोनमध्ये हलवून गाळायची. केसासारख्या बारीक नळीने सिलिकाच्या पांढऱ्या पट्टीवर एक ठिपका द्यायचा आणि पट्टी हेक्झेन-इथाइल अ‍ॅसिटेटच्या मिश्रणात उभी करायची. द्राव वर चढताना रंगद्रव्यांचे लाल-पिवळे ठिपके सोबत घेऊन जातो. तिखट मात्र खाली रेंगाळतं, आणि दिसतही नाही. अतिनील दिव्याखाली धरल्यावर त्याचा काळसर डाग उमटतो. बेडगी मिरची लालभडक असूनही मवाळ का, हे त्या पट्टीवर समजतं.

तरी डाग म्हणजे पुरावा नव्हे. रेणूत १८ कार्बन, २७ हायड्रोजन, ३ ऑक्सिजन आणि १ नायट्रोजन कसे जोडलेले आहेत, हे एनएमआर यंत्राच्या आलेखावरून काढावं लागतं. आलेखातलं कोणतं शिखर कोणत्या हायड्रोजनचं, यात विद्यार्थ्यांच्या रात्री जातात. खरं तर या अभ्यासाची गंमतही तिथेच आहे.

एमएस्सी म्हणजे दोन वर्षं, चार सत्रं. नंदुरबार जिल्ह्यातली महाविद्यालयं १९९० साली जळगावला स्थापन झालेल्या विद्यापीठाशी संलग्न आहेत. आज त्याला बहिणाबाई चौधरींचं नाव आहे. नव्या शैक्षणिक धोरणानंतर प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षणही अभ्यासक्रमात आलं. प्राध्यापक व्हायचं तर पुढे नेट किंवा सेट परीक्षा आहेच.

पदवी पूर्वेकडून मिळते, नोकरी मात्र बहुधा पश्चिमेला खुणावते. शहादा, तळोदा, अक्कलकुव्यातून जाणाऱ्या रस्त्याचं नावच अंकलेश्वर–बऱ्हाणपूर महामार्ग. अंकलेश्वरला रंग, औषधं, कीटकनाशकांचे कारखाने आहेत. तिथल्या गुणवत्ता-नियंत्रण (क्यूसी) विभागात पट्टीच्या जागी एचपीएलसी यंत्र असतं. सरमिसळीतले पदार्थ मागे-पुढे करण्याचं तत्त्व तेच, फक्त ठिपक्यांऐवजी पडद्यावर शिखरं उमटतात. त्यात एखादं अनोळखी शिखर डोकावलं, की अख्खी बॅच अडकून पडते.