पाव फेऱ्याचं काम

संपादकांना दिवाळी अंकासाठी खड्ड्यांवर लेख हवा होता. खड्ड्यांचे फोटो सगळेच काढतात. त्यापेक्षा खड्ड्यांचं बिल जिथं फाडलं जातं तिथं जावं, म्हणून मी कोल्हापुरात महामार्गालगतच्या एका अलाइनमेंटच्या गॅरेजात जाऊन बसलो. पाऊस ओसरला की आंबा घाट आणि गगनबावडा करून आलेल्या गाड्या इथं लागतात आणि मालक लोक उतरता उतरताच बोलायला सुरुवात करतात. गाडी डावीकडं ओढते. सरळ चालताना स्टेअरिंग वाकडं राहतं. टायर आतनं खाल्लाय.

हे तिन्ही ऐकून गॅरेजमधले मामा (गिऱ्हाइकांपासून हेल्परपर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणतात) काहीच बोलत नाहीत. पुढच्या चाकाशी उकिडवे बसतात आणि टायरवर तळहात फिरवतात, एकदा बाहेरून आत, एकदा आतून बाहेर. एका दिशेनं हात गुळगुळीत सरकतो आणि उलट दिशेनं करवतीसारखे दात लागतात. असा टायर घासत चाललेला असतो. चाकांची तोंडं आत वळलीत की बाहेर फाकलीत, हे दात कुठल्या बाजूला लागतात त्यावरून मशीन चालू व्हायच्या आधीच त्यांना कळलेलं असतं. मलाही हात फिरवायला लावला. मला नुसतं रबर लागलं.

चाकांच्या तीन कोनांपैकी हा पहिला, टो. माणूस पायाचे अंगठे आत वळवून चालला तर जसं दिसेल तसं, वरून पाहिल्यावर. दुसरा कॅम्बर, म्हणजे समोरून पाहताना चाकाचा माथा आत किंवा बाहेर किती कललाय ते. तिसरा कॅस्टर: बाजूनं पाहिलं तर चाक ज्या आसाभोवती वळतं त्या आसाचा मागचा कल. वळण संपल्यावर स्टेअरिंग आपोआप सरळ होतं, त्यात मोठा हात कॅस्टरचा. टायर मात्र सगळ्यात जास्त खातो तो टो. हिशोब सोपा आहे. चाकाचं तोंड गाडीच्या दिशेपासून अर्धा अंश फिरलेलं असेल तर दर किलोमीटरला पावणेनऊ मीटरची तफावत पडते आणि ती रबर झिजून भरून निघते. दहा हजार किलोमीटरला सत्याऐंशी किलोमीटर. डोळ्यांना तो अर्धा अंश दिसत नाही.

या शास्त्राचा इतिहास घोडागाडीपर्यंत जातो. वळताना आतल्या चाकानं बाहेरच्यापेक्षा जास्त वळलं पाहिजे, नाहीतर एक चाक फरफटतं, हे म्युनिकच्या लँकेनस्पर्गर नावाच्या गाडी बनवणाऱ्यानं ओळखलं. 1818 मध्ये त्याचं पेटंट लंडनमध्ये रुडॉल्फ अकरमननं घेतलं आणि नाव अकरमनचं लागलं. अकरमनचा मुख्य धंदा चित्रं छापण्याचा होता! पुढं मोटारी आल्या, कोन मोजायची साधनं आली, आणि 1995 मध्ये जॉन बीन कंपनीनं कॅमेऱ्यानं मोजणारं थ्री-डी मशीन आणलं. त्याच जातीचं मशीन आज मामांच्या पुढ्यात आहे.

मामा शिकले ते दोरीवर. मागच्या चाकांच्या बाहेरून पुढच्या चाकांपर्यंत दोन्ही बाजूंनी दोरी ताणायची आणि दोरी नि रिम यांच्यातलं अंतर पट्टीनं मोजायचं. ॲम्बॅसिडर, फियाट, जीप सगळं त्यावर सरळ व्हायचं, असं ते सांगतात. आता गाडी लिफ्टवर चढते, पुढची चाकं फिरत्या थाळ्यांवर येतात, चारही रिमना क्लॅम्प लावून त्यावर ठिपक्यांच्या पाट्या बसवतात. मग हेल्पर गाडी थोडी मागं ढकलतो आणि पुन्हा पुढं आणतो. रिम किंवा क्लॅम्प थोडा तिरका असेल तर त्याची चूक मशीन या ढकलाढकलीतून वजा करतं. स्टेअरिंग डावीउजवीकडं फिरवलं की कॅस्टर निघतो. पडद्यावर आकडे येतात. तांबडा म्हणजे बाहेर, हिरवा म्हणजे कंपनीच्या मर्यादेत.

इथपर्यंत कुणीही करेल. खरं काम त्यानंतर गाडीखाली आहे.

स्टेअरिंगच्या रॅकपासून चाकापर्यंत दोन्ही बाजूंना एकेक टायरॉड जातो. त्याच्या टोकाला आटे असतात, त्या आट्यांवर टायरॉड एन्ड बसतो आणि तो हलू नये म्हणून मागून चेकनट आवळलेला असतो. हा नट सैल करून रॉड फिरवला की टो बदलतो. बहुतेक छोट्या गाड्यांत पुढच्या चाकांना फिरवण्यासारखं एवढंच असतं. कॅम्बर, कॅस्टर कारखान्यात जे बसलं ते बसलं. सगळी मदार या एका नटावर, आणि कोकणातून आलेल्या गाडीत तो गंजून जाम झालेला असतो. मामा आधी तारेच्या ब्रशनं आटे साफ करतात, तेल मारतात आणि दुसऱ्या गाडीकडं निघून जातात. परत येऊन एक पाना एन्डला अडकवून धरतात, दुसरा नटाला लावतात आणि तळहातानं एक झटका देतात. कट्ट असा आवाज आला की चेहरा खुलतो. नाही आला तर गॅस पेटतो, पण जपून, कारण शेजारी रबर आहे. रॅकच्या रबरी बूटची क्लिपही ते आधी ढिली करतात, नाहीतर रॉडबरोबर बूट पिळला जातो, फाटतो आणि पाणी रॅकमध्ये शिरतं. घाईतला माणूस हीच पायरी गाळतो. रॅक गेल्यावर जे बिल येतं ते अलाइनमेंटच्या कितीतरी पट असतं.

मग पाव फेरा इकडं, पाव फेरा तिकडं. स्टेअरिंग मधोमध कुलूप लावून धरलेलं असतं आणि डावा नि उजवा टो वेगवेगळा जुळवायचा असतो. एकच रॉड फिरवून दोन्हींची बेरीज हिरवी करता येते. मग टायर खाणार नाही, पण सरळ रस्त्यावर स्टेअरिंग वाकडं राहील.

याच्या पुढचं सगळं मामांच्या तक्रारींचं आहे, आणि त्या ऐकल्यावर मशीनबद्दलचं माझं कौतुक बरंच उतरलं. लोअर आर्मचा बुश फाटलेला किंवा बॉल जॉइंट ढिला असेल तर लिफ्टवर उभ्या गाडीचे आकडे हिरवे दिसतात आणि पहिल्या ब्रेकला चाक आपली जागा सोडतं. म्हणून मामा आधी चाक वर-खाली, डावं-उजवं धरून हलवतात. "प्ले हाय सायेब, आधी पार्ट बदला." गिऱ्हाईक म्हणतं, पार्ट राहू दे, तुम्ही अलाइनमेंट करून प्रिंट द्या. मामा करत नाहीत. गाडी तशीच पुढच्या गॅरेजात जाते आणि तासाभरात हिरवा कागद घेऊन समोरून निघून जाते. मशीनमध्ये गाडीचं मॉडेल भलतंच निवडलं तर तांबडा आकडासुद्धा हिरवा होऊ शकतो, हेही मला तिथंच कळलं.

मागच्या चाकांचं दुखणं वेगळंच. बऱ्याच छोट्या गाड्यांत मागं सलग बीम असतो, त्याला फिरवायला काहीच नाही. खड्ड्यात तो वाकला की गाडी किंचित तिरकी चालते आणि पुढं कितीही जुळवा, मालक चार दिवसांत परत येतो. डावीकडं ओढण्याची निम्मी तक्रार तर रस्त्याचीच असते. पाणी वाहून जावं म्हणून रस्ता कडेला उतरता असतो आणि आपण डावीकडून चालतो. हे समजावून पटत नाही. मग मामा हवा तपासतात, पुढचे दोन टायर एकमेकांच्या जागी घालतात आणि मालकाला शेजारी बसवून चक्कर मारतात. ओढ उजवीकडं गेली तर दोष टायरचा.

या सगळ्याला त्यांच्याकडं तोड आहे. नव्या गाड्यांना नाही. अलाइनमेंट झाल्यावर अनेक गाड्यांत स्टेअरिंगच्या कोनाचा सेन्सर स्कॅनर लावून शून्यावर आणावा लागतो, आणि लेन ओळखणारा कॅमेरा असेल तर काही गाड्यांत तोही पुन्हा जुळवावा लागतो. मामांचा स्कॅनर जुन्या मॉडेलांपुरता आहे आणि नवा घ्यायला गॅरेजचा मालक तयार नाही. कॅमेऱ्याच्या गाडीला मामा हात लावत नाहीत, शोरूमला जा म्हणून सांगतात. अशा गाड्या आता आठवड्यागणिक वाढतायत आणि मामांच्या शेजारी काम शिकणारा पोरगा शोरूममध्ये अर्ज टाकून बसलाय.