काळ्या दगडात कोंडलेला वायू

चुन्याच्या स्वच्छ निवळीत नळीने हळूच फुंका. निवळी तोंडात मात्र ओढू नका. थोड्याच वेळात ती दुधाळ होईल. श्वासातील कार्बन डायऑक्साइडचा चुन्यातील कॅल्शियमशी संयोग होऊन कॅल्शियम कार्बोनेटचे पांढरे कण तयार झाले. वायू पकडला गेला!

कारखान्यांच्या धुरातूनही हा वायू विशिष्ट रसायनांच्या द्रावणात शोषून घेतात. द्रावण तापवले की तो वेगळा होतो. पण पुढे ठेवायचा कोठे? चुन्यात? चुना मिळतो चुनखडी भाजून आणि त्या वेळी हाच वायू बाहेर पडतो! म्हणजे कॅल्शियम निसर्गात आयते मिळायला हवे.

ते आपल्या पायांखालीच आहे. पुंडलिकनगरात बोअर घेताना लागणारा काळा दगड म्हणजे बेसाल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यापासून तो बनला. वेरूळचे कैलास लेणे त्यातच कोरलेले आहे. त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम व लोह भरपूर असते.

आइसलंडमध्ये २०१२ साली हा वायू पाण्यात विरघळवून खोल बेसाल्टमध्ये सोडला. सोडावॉटरसारख्या त्या आम्लधर्मी पाण्याने दगडातील कॅल्शियम सोडवले आणि दोन वर्षांच्या आत ९५ टक्क्यांहून अधिक वायूचे खनिज झाले.

मग आपल्याकडे अडचण कोणती? या पद्धतीत एक टन वायूमागे सुमारे २५ टन पाणी लागते. जायकवाडीकडे डोळे लावून बसणाऱ्या आपल्या शहराने ते कोठून आणावे? दगड आहे, पाणी नाही. हे कोडे तुमच्या पिढीने सोडवायचे आहे.