फौजी नवऱ्याने टाकलं, तर पोटगी कुठून मिळते?

नवरा रजा संपवून ड्यूटीवर जातो आणि दोन-तीन महिन्यांनी बायकोच्या खात्यात पैसे यायचे बंद होतात. आधी फोन उचलत नाही, मग नंबरच बदलतो. सासरचे म्हणतात, तो आला की बघू. मुलांची फी, दवाखाना, किराणा हळूहळू माहेरावर येऊन पडतो. यवत, केडगाव, वरवंड, पाटस या पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या गावांना काय किंवा भीमेपलीकडच्या शिरूरला काय, 'टाकलेली बाई' हा शब्द नवा नाही. संगमनेरच्या अ‍ॅड. निशा शिवूरकर यांनी याच बायकांच्या लढ्यावर 'लढा टाकलेल्या स्त्रियांचा' हे पुस्तक लिहिलं आहे. नवरा फौजी असला की मात्र या दुःखात एका भीतीची भर पडते. कोणीतरी जाणकार सांगतो, 'मिलिटरीवाल्याच्या पगाराला कोर्टसुद्धा हात लावू शकत नाही.' आणि बाई घरी बसते.

हे बोलणं अर्धं खरं आहे आणि त्यामुळेच ते जास्त नुकसान करतं. लष्कर अधिनियम १९५०च्या कलम २८ नुसार दिवाणी किंवा महसुली न्यायालयाला जवानाचा पगार जप्त करता येत नाही. पण त्याच कायद्यात कलम ९१ आहे. बायको आणि मुलांच्या पोटगीसाठी जवानाच्या पगारातून रक्कम कापून घेण्याचा अधिकार त्या कलमाने सरकारला आणि ठरवून दिलेल्या लष्करी अधिकाऱ्यांना दिला आहे. मूल औरस असो वा अनौरस, कायदा फरक करत नाही. अधिकाऱ्यांच्या पगारासाठी अशीच तरतूद कलम ९० मध्ये आहे. म्हणजे पगाराला बाहेरून कुलूप असलं तरी किल्ली लष्कराकडेच आहे, आणि ती लावा असं सांगण्याचा हक्क बायकोला आहे.

मागणी करायला वकील लागत नाही. नवऱ्याच्या युनिटच्या कमांडिंग ऑफिसरच्या नावे साधा अर्ज लिहायचा. त्यात नवऱ्याचा आर्मी नंबर, हुद्दा, पूर्ण नाव, लग्नाची तारीख, मुलांची नावं आणि जन्मतारखा, पैसे कधीपासून बंद आहेत ते, आपलं स्वतःचं उत्पन्न किती किंवा काहीच नाही, आणि आपल्या एकटीच्या नावावरच्या बँक खात्याचा तपशील द्यायचा. सोबत विवाह नोंदणीचा दाखला किंवा लग्नपत्रिका व फोटो, मुलांचे जन्मदाखले आणि पासबुकाची प्रत जोडायची. बऱ्याच जणींना नवरा कुठे आहे हेच माहीत नसतं. जुन्या पाकिटावर युनिटचं नाव आणि 'द्वारा ५६ एपीओ' किंवा 'द्वारा ९९ एपीओ' एवढंच असतं, गावाचं नाव नसतं. त्याने अडत नाही, त्या पत्त्यावर टपाल पोहोचतं. युनिटही ठाऊक नसेल तर रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला लिहावं. मराठा लाईट इन्फंट्रीचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावला आहे. जवानाने लग्नाची नोंद 'पार्ट टू ऑर्डर' या लष्करी नोंदीत केलेली असेल, तर बायकोचं नाव लष्कराच्या दप्तरात आधीपासूनच आहे. अर्ज स्पीड पोस्टाने पाठवावा आणि पावती जपून ठेवावी.

अर्ज पोहोचला की नवऱ्याला कारणे दाखवा नोटीस जाते, त्याचं म्हणणं घेतलं जातं आणि प्रकरण शिफारशीसह वरच्या अधिकाऱ्यांकडे जातं. २००१ च्या लष्करी आदेशात प्रमाण ठरलेलं आहे: पत्नीला पगार व भत्त्यांच्या कमाल २२ टक्के, प्रत्येक मुलाला ५.५ टक्के आणि सगळं मिळून ३३ टक्क्यांच्या आत. पगार व भत्ते मिळून ४०,००० रुपये असतील, तर पत्नीचे ८,८०० आणि दोन मुलांचे प्रत्येकी २,२०० असे महिन्याला १३,२०० रुपये थेट पगारातून कापले जाऊ शकतात.

इथे बायका थबकतात, कारण त्यांना वाटतं साहेबांकडे तक्रार गेली की नवऱ्याची नोकरी जाईल. सासू तर हेच बजावत असते. पोटगीची कपात ही शिक्षा नाही आणि तिच्यासाठी कोणाला घरी पाठवत नाहीत. ज्याने लग्न केलं, मुलं जन्माला घातली, त्याच्या पगारातला त्यांचा हिस्सा त्यांच्याकडे वळतो, इतकंच. शिस्तीच्या नोकरीतला माणूस घराला वाऱ्यावर सोडत असेल, तर ते त्याच्या वरिष्ठांना कळायलाच हवं असं माझं स्पष्ट मत आहे. त्यात घराण्याची बदनामी होत नाही. झालीच असेल तर ती त्याने आधीच केलेली आहे.

टेरिटोरियल आर्मीतल्या जवानाचं गणित वेगळं आहे आणि फसगत जास्त होते ती इथेच. ही राखीव, नागरिकांची सेना आहे. १९४८च्या कायद्याने ती उभी राहिली आणि ९ ऑक्टोबर १९४९ रोजी सी. राजगोपालाचारी यांच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं. मराठा लाईट इन्फंट्रीची १०१ टीए बटालियन पुण्यात आहे, १०९ कोल्हापुरात. यातला जवान कायम वर्दीत नसतो. बटालियनने बोलावलं की तो लष्करी पगारावर असतो, सोडलं की परत आपल्या कामधंद्यावर किंवा शेतावर. टेरिटोरियल आर्मी कायद्याच्या कलम ९ नुसार शिपायाला लष्कर अधिनियम लागू होतो तो बोलावणं आल्यावर, सेवेत असताना किंवा नियमित फौजेला जोडलेला असताना. त्यामुळे तो सेवेत असेल तोवर बटालियनकडे केलेला अर्ज चालतो. तो घरी परतला की लष्करी पगारच थांबतो आणि कपात करायला काही उरत नाही. अशा नवऱ्याच्या बायकोने एका अर्जावर विसंबून राहू नये. बटालियनला अर्ज पाठवावा आणि त्याच सुमारास कोर्टातही जावं.

कोर्टाचा रस्ता म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४. जुन्या फौजदारी संहितेतलं १२५ ते हेच, १ जुलै २०२४ पासून आकडा बदलला. पत्नी जिथे राहते तिथल्या कोर्टात अर्ज करता येतो. यवतची बाई दौंडच्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाईल, आणि माहेर शिरूरला असून ती तिथे राहत असेल तर शिरूरच्या कोर्टात. नवऱ्याचं पोस्टिंग जम्मूला आहे म्हणून तिने जम्मूला जायचं नाही. नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत अंतरिम पोटगीचा निर्णय व्हावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात काय होतं त्याचं उदाहरण विदर्भातलं आहे. रजनेश विरुद्ध नेहा या खटल्यात पत्नीचा अर्ज २०१३ चा. नागपूरच्या कुटुंब न्यायालयाने २०१५ मध्ये अंतरिम पोटगी मंजूर केली, ती नागपूर खंडपीठाने २०१८ मध्ये कायम केली आणि ४ नोव्हेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. एका बाईला यात सात वर्षं मोजावी लागली, पण देशभरच्या बायकांना त्यातून दोन गोष्टी मिळाल्या. पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरायची, आणि दोन्ही बाजूंनी उत्पन्न, मालमत्ता व कर्जाचं प्रतिज्ञापत्र द्यायचं.

दौंड तालुक्यात या प्रतिज्ञापत्राचं मोल फार आहे. कालव्याच्या पाण्यावर ऊस पिकवणारा हा भाग. टेरिटोरियलमधून परतलेला नवरा कोर्टात 'मी बेकार आहे' असं सांगेल, पण सातबाऱ्यावर त्याचं नाव असतं आणि कारखान्यात उसाचं बिल त्याच्या नावावर निघतं. सातबाऱ्याचा उतारा ऑनलाइन मिळतो, तो काढून अर्जाला जोडावा. उसाच्या बिलाची माहिती कोर्टामार्फत मागवता येते. कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५च्या कलम २० मध्येही एक सोय आहे. आदेश होऊनही नवऱ्याने पैसे दिले नाहीत, तर न्यायदंडाधिकारी त्याच्या मालकाला किंवा त्याचं देणं लागणाऱ्याला ती रक्कम परस्पर बाईला द्यायला सांगू शकतात. बिल थकलेला कारखाना हाही देणेकरीच, तेव्हा तशी मागणी वकिलाने जरूर करून पाहावी. याच कायद्याखाली सासरच्या घरात राहण्याचा हक्कही मागता येतो.

नवरा निवृत्त झाला असेल तर तो पेन्शनची ढाल पुढे करतो. २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने पत्नीच्या पोटगीसाठी पेन्शनवर जप्ती आणता येते असा निर्णय दिलेला आहे. पण पेन्शनवरचा हा हक्क टिकवायचा तर एक सावधगिरी बाळगावी. गावच्या बैठकीत स्टॅम्प पेपरवर 'फारकत' लिहून घेण्याचा प्रकार अजून चालतो. रूढीने मान्य असलेले मोजके अपवाद सोडले, तर अशा कागदाने हिंदू विवाह मोडत नाही. पण सही केलेल्या बाईला तो पुढे प्रत्येक कचेरीत आडवा येतो. घटस्फोट होत नाही तोवर ती त्याची कायदेशीर पत्नी आहे आणि कुटुंब निवृत्तिवेतनावरचा हक्कही तिचाच आहे. पाच-पन्नास हजार हातावर ठेवून कोणी सही मागितली तर करू नका.

हा सगळा खटाटोप चालू असताना चूल पेटती ठेवायला संजय गांधी निराधार योजना आहे. परित्यक्ता महिलांना तिचा अर्ज तहसील कार्यालयात करता येतो. वार्षिक उत्पन्नाची अट २१,००० रुपयांची आहे, म्हणून अनेकजणी बाहेर राहतात, ही मर्यादा वाढायलाच हवी. वकिलाची फी नाही म्हणून मात्र कोणी थांबू नये. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७च्या कलम १२ नुसार उत्पन्न कितीही असलं तरी प्रत्येक स्त्रीला मोफत वकील मिळतो. दौंड आणि शिरूरच्या कोर्टात तालुका विधी सेवा समितीकडे विचारा, किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करा. युनिटचा पत्ता शोधायला आणि अर्ज पुढे सरकवायला पुण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाची मदत मागा.

तो सुधारेल, यंदाच्या पालखीला येईल, दिवाळीला येईल म्हणून वाट बघण्यात वर्षं जातात. पोटगी मोजली जाते अर्जाच्या तारखेपासून. आणि आदेशानंतर थकलेली रक्कम वॉरंटने वसूल करायची तर ती देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज द्यावा लागतो. तेव्हा समेटाची बोलणी चालू असली तरी ती चालू द्या, पण कमांडिंग ऑफिसरचा आणि कोर्टाचा असे दोन्ही अर्ज याच आठवड्यात दाखल करा.